गल्लीने ठेवलेलं नाव

घरात मूल जन्मलं की येणारा-जाणारा पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो. ‘मग, नाव काय ठेवलं?’ आईबाप हौसेने सांगतात, ऐकणारा तोंड भरून कौतुक करतो आणि मूल त्या नावाने वाढू लागतं. पण वाचकहो, काही कारणाने नाव ठेवायला उशीर झाला आणि तेवढ्यात गल्लीनेच एक नाव ठेवून दिलं, तर? सुरतेच्या वर्षा बोरसे हिच्या पहिल्या लेकीच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

बोरसे कुटुंब मूळचं अमळनेरकडचं. वर्षाचे सासरे दगा बोरसे ऐन तारुण्यात सुरतेला आले आणि पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात घालवली. आता ते घरीच असत. त्यांचा मुलगा हेमराज लूमच्या कारखान्यात मास्तर होता; माग अडला की तो चालू करून देणं हे त्याचं काम. सासू शोभाबाई तोंडाने फटकळ, पण मायाळू. लिंबायतच्या एका गल्लीत दोन खोल्यांचं त्यांचं घर होतं. गल्ली बहुतेक सगळी खानदेशी. घरात अहिराणी, दुकानावर गुजराती आणि कारखान्यात हिंदी, अशा तीन भाषा तिथली पोरंसुद्धा सहज बोलायची.

१९९४ सालच्या सप्टेंबरात वर्षाचे दिवस भरत आले आणि त्याच आठवड्यात शहरात प्लेगची बातमी फुटली. सुरतेची ती दशा ज्यांनी पाहिली ते आजही विसरलेले नाहीत. माग बंद, दुकानं बंद, ज्याच्या त्याच्या तोंडावर रुमाल. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीला कुलपं लागली. शेजारच्या शांताबाईसुद्धा लेकराबाळांना घेऊन गावी निघून गेल्या. बोरसे मात्र राहिले. भरल्या दिवसांच्या बाईला त्या गर्दीत घालायची हिंमत कोणाची होणार?

कळा सुरू झाल्या तेव्हा भर दुपार होती. जिथे नाव घातलं होतं तो खासगी दवाखाना बंद. रस्त्यावर रिक्षा नाही. हेमराजने भाजीवाल्याची रिकामी लारी, म्हणजे हातगाडी, ओढत आणली, तीवर गोधडी अंथरली आणि बायकोला पालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथे अनुसयाबाई नावाच्या नर्स होत्या, भुसावळच्या. तोंडाला फडकं बांधून त्या एकट्याच सगळा वॉर्ड सांभाळत होत्या. संध्याकाळ व्हायच्या आत वर्षा सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली.

“काय तेज आहे गं पोरीला!” अनुसयाबाई बाळाला पुसता पुसता म्हणाल्या. “सगळं शहर तोंड झाकून बसलंय आणि ही बघ, तोंड उघडून कशी ललकारतेय!”

वर्षाला त्या अवस्थेतही हसू आलं. असा अभिमान तिला आयुष्यात कधी वाटला नव्हता. लोक जीव मुठीत धरून पळत होते, तेव्हा तिने या शहरात एक जीव आणला होता.

आता बारसं व्हायचं बाराव्या दिवशी. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या अमळनेरला. तिला तिच्या सासरचे सुरतेला पाठवायला तयार नव्हते. पाळण्याला दोरी लावायला, घुगऱ्या खायला गल्लीत कोणी नव्हतं. “होऊ दे सगळं नीट, मग थाटात करू,” असं हेमराज म्हणाला आणि बारसं लांबलं. दसरा गेला, दिवाळी गेली. आजार ओसरला, कुलपं उघडली, मागांची खडखड पुन्हा ऐकू येऊ लागली. पोरगी बाळसं धरू लागली, पण अजून बिननावाचीच होती. कोणी ‘बाळी’ म्हणायचं, कोणी ‘बेबी’.

आणि एका सकाळी नळावर शांताबाईंनी विचारलं, “का वं वर्षा, पलेगी झोपनी का?”

वर्षाला कळलंच नाही. “कोण?”

“तुन्ही आंडेर, तुन्ही पोर वं! प्लेगमा जन्मनी, म्हणून पलेगी!” शांताबाई खो खो हसल्या. नळावरच्या बायकाही हसल्या. वर्षाही कसनुसं हसली आणि हंडा उचलून घरी आली.

शांताबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण नाव होतं चटकदार. दोन-चार दिवसांत ते पोरांच्या तोंडी बसलं. किराणावाल्याने हेमराजला विचारलं, “केम मास्तर, तमारी प्लेगवाळी बेबी मजामां?” दारावरून जाणारी बाई पाळण्यात डोकावून म्हणायची, “पलेगी, ए पलेगी, हस बघू!” आणि ती बिचारी खुदकन हसायची! तिला काय ठाऊक आपल्याला काय म्हणताहेत ते?

वर्षाच्या काळजाला मात्र दर वेळी ओरखडा उठे. त्यातून एके दिवशी खुद्द सासूच्याच तोंडून तिने ऐकलं. शोभाबाई नातीला तेल लावत लाडाने म्हणत होत्या, “मन्ही पलेगी ती! गुणानी पलेगी ती!”

“आत्याबाई, तुम्हीसुद्धा?” वर्षाने सासूला विचारलं.

“त्यात काय बिघडलं बाई? जन्मली तशीच वेळ होती. लाडाचंच आहे.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “आणि खरं सांगू? लोक पायगुणाचंही बोलतात. त्यापेक्षा हसण्यावारी नेलेलं बरं.”

वर्षाने तेलाची वाटी उचलली आणि ती आत गेली. नवी आई, सासूपुढे किती बोलणार? पण तिचं गप्प राहणं फार दिवस टिकलं नाही.

बाळाला लस टोचायची वेळ आली. वर्षा पालिकेच्या दवाखान्यात निघाली, तर सोबतीला म्हणून शांताबाई आल्या. ओळीत आठ-दहा बाया, प्रत्येकीच्या कडेवर मूल. कोणी गुजराती, कोणी ओडिशाची, कोणी उत्तरेकडची. वर्षाचा नंबर आला. टेबलापाशी अनुसयाबाईच होत्या. त्यांनी बाळाला लगेच ओळखलं.

“अरे वा! आली माझी पोरगी! नाव काय ठेवलं हिचं?”

वर्षा काही बोलायच्या आत मागून शांताबाई मोठ्याने हसत म्हणाल्या, “पलेगी! प्लेगमधली ना ती!”

झालं! ओळीत ‘प्लेग’ एवढा एकच शब्द सगळ्यांना समजला. मागे उभ्या असलेल्या बाईने पदर नाकाला लावला. दुसरीने आपलं मूल छातीशी घट्ट धरलं आणि ती चार पावलं मागे सरली. तिसरी तर ओळ सोडून दाराकडे निघाली. बघता बघता वर्षाच्या भोवती रिकामी जागा झाली, आणि त्या जागेत ती आणि तिची गुबगुबीत, निरोगी, हसरी पोर अशा दोघीच उरल्या.

“अरे, बेबी एकदम तंदुरुस्त छे!” अनुसयाबाई कडाडल्या. “माझ्या हातांवर जन्मलीय ती! कोई बीमारी नथी! या सगळ्या परत ओळीत!”

बायका ओशाळून परत आल्या. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. लस टोचताना पोर रडली, आणि त्याहून जास्त वर्षा रडली. शांताबाईंचा चेहरा उतरला होता. येताना वाटभर त्या वर्षाच्या मागे मागेच चालल्या.

संध्याकाळी हेमराज कामावरून आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. वर्षाने ताट वाढलं आणि उभ्यानेच सांगून टाकलं, “आजपासून या घरात ते नाव कोणी घ्यायचं नाही. घरात नाही आणि दारातही नाही.”

“कोणतं नाव?” हेमराजने घास मोडत विचारलं. तिने दवाखान्यात काय झालं ते सांगितलं. ऐकून त्याला वाईट वाटलं, पण तो म्हणाला, “तू फार मनाला लावून घेतेस. आपल्याकडे ठेवतातच अशी नावं. कोणी धोंडू, कोणी चिंधा. लहानपणीचं नाव लहानपणीच जातं. शाळेत गेली की विसरतील लोक.”

“विसरतील?”

हा आवाज दगा बोरसेंचा होता. ते कोपऱ्यात खाटेवर बसले होते. फारसं बोलणारा माणूस नव्हे तो. घरातल्या वादात तर कधीच पडायचे नाहीत. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“मन्हं नाव कोनी विसरनं का रे भाऊ?” त्यांनी शांतपणे विचारलं. “आज पासष्टीला आलो मी. गेलं का माझं नाव?”

“नाना, तुमचं वेगळं...”

“वेगळं आहे, खरं आहे. ते वेगळेपणच सांगतो. माझ्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. मी झालो तेव्हा माझ्या मायने ठरवलं, याला असं नाव द्यायचं की कोणाची दृष्ट लागू नये. म्हणून दगा. ती अडाणी होती, पण त्या नावाच्या मागे तिचा जीव होता. मी जगावं म्हणून तिने ते ठेवलं. गावात कोणी कधी हसलं नाही, गावात असे चार दगा होते. पण सुरतेत आलो, आणि इथे नावाचा अर्थ निघाला. कारखान्यात पहिल्याच दिवशी साहेब म्हणाला, ‘नाम दगा? फिर तो संभलके रहना पडेगा!’ सगळे हसले. मीही हसलो. पुढे कापडाचा एखादा ताका कमी पडला की कोणीतरी म्हणायचंच, ‘दगाभाई को पूछो!’ चेष्टाच होती रे. पण तीस वर्षं मी त्या चेष्टेला जपून वागत आलो. कोणाच्या सुताच्या धाग्याला हात लावला नाही, तरी रोज मनात, कोणाला संशय तर येणार नाही ना?”

 हेमराजच्या हातातला घास हातातच राहिला.

“आणि एक सांगू, हेमराज? राग मानू नकोस. तुला मास्तरची जागा मिळाली तेव्हा मी तुझ्यासोबत शेठकडे आलो होतो. शेठने विचारलं, ‘बाप का नाम?’ तू म्हणालास, ‘डी. बोरसे.’ मी दारातच उभा होतो.”

“नाना!” हेमराज ताटावरून उठला. त्याचे डोळे भरून आले होते. “नाना, माझ्या तोंडून तसं...”

“बस, बस, जेव. मी तुला दोष देत नाही. तू माझ्यावर माया करतोस हे मला ठाऊक आहे. पण माया करणाऱ्या मुलालाही बापाचं नाव पुरतं घ्यायला संकोच वाटावा, एवढी नावाची ताकद असते! माझ्या नावामागे निदान आईचा जीव होता. या पोरीच्या नावामागे काय आहे? नुसतं हसणं! जो आजार तिला शिवलासुद्धा नाही, तो आयुष्यभर तिच्या कपाळाला चिकटवायचा? उद्या ती शाळेत जाईल, परवा तिला स्थळं येतील. कोणी ना कोणी विचारणारच, बाई, तुला असं का म्हणतात? काय सांगेल ती?”

शोभाबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. त्यांचा पदर डोळ्यांना लागला होता. त्या वर्षाकडे वळून बोलल्या.

“बाई, मला उखाणे घ्यायची भारी हौस होती. माहेरी मी उखाण्यांसाठी नावाजलेली. सुरतेत आल्यावर एकदा हळदीकुंकवाला गेले. मोठा झोकात उखाणा घेतला, शेवटी यांचं नाव घेतलं, आणि इथल्या शाळेत शिकलेल्या पोरी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. नवऱ्याचं नाव घेते आणि दगा म्हणते! त्या दिवसापासून मी उखाणा घेतला नाही. यांनाही कधी सांगितलं नाही.” त्यांनी पाळण्यातल्या नातीला उचलून उराशी धरलं. “आणि तीच मी, माझ्या नातीला असलं नाव घेऊन हाका मारत होते! माझ्या जिभेला हाड नाही!”

दगा बोरसे बायकोकडे बघतच राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांना आज कळत होती.

“माय,” हेमराज म्हणाला, “रंजनाताईला बोलावून घेतो. येत्या रविवारी बारसं. साऱ्या गल्लीला बोलवायचं!”

रंजनाताई, हेमराजची थोरली बहीण, दोन दिवस आधीच अमळनेरहून येऊन हजर झाली. चहाचे कप रिकामे झाले आणि घरात नावाची बैठक बसली. अट दगा बोरसेंची होती. “नुसतं नाव चांगलं असून भागायचं नाही. ते मोडून गल्लीत काय होईल, हेही बघायचं. अहिराणीत, मराठीत, गुजरातीत, हिंदीत. चारही भाषांत पास झालं तरच ठेवायचं!”

शोभाबाई म्हणाल्या, “रेखा.”

सुरतेत वाढलेला हेमराज लगेच म्हणाला, “गुजराती पोरं रेखाची रेकडी करतील. हातगाडी!”

“मग दीपाली ठेवा,” रंजनाताई म्हणाली. “किती गोड आहे.”

“दीपालीचं दीपडी होईल. गुजरातीत दीपडी म्हणजे बिबट्याची मादी!”

“मग काय वाईट आहे?” दगा बोरसे मिशीत हसले. “कोणी वाटेला जाणार नाही.”

हेमराजने वंदना सुचवलं आणि स्वतःच मागे घेतलं, कारण त्याचा वांधा होणार हे उघड होतं. दगा बोरसेंच्या मनात तापी होतं. आपल्या गावाकडून वाहत सुरतेपर्यंत येणारी नदी, यापेक्षा चांगलं नाव कोणतं? पण रंजनाताई म्हणाली, “नाना, प्लेगमध्ये जन्मलेल्या पोरीचं नाव तापी? लोक म्हणतील, आधी ताप आला, मग ही आली!” सगळे पोट धरधरून हसले. किती तरी महिन्यांनी त्या घरात असं हसू ऐकू आलं.

 पोरीला थोपटत वर्षा म्हणाली, “माझ्या मनात एक आहे. तेजस्विनी. ही जन्मली तेव्हा अनुसयाबाई पहिला शब्द हाच बोलल्या, काय तेज आहे पोरीला. सगळ्या शहराची नजर खाली होती, तेव्हा हिने डोळे उघडले. मला दुसरं नाव सुचतच नाही.”

“नाव उत्तम,” रंजनाताई म्हणाली. “पण लांबलचक आहे गं. गल्लीत कोण एवढं म्हणणार? मोडणारच.”

“मोडणार,” हेमराज विचार करत म्हणाला. “मोडून काय करतील? तेजस्विनीचं तेजू... किंवा तेजी...” आणि तो एकदम थांबला. “तेजी! अरे, तेजी!”

वाचकहो, सुरतेच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कापडाच्या या शहरात बाजार चढला की तेजी आणि पडला की मंदी. प्लेगनंतर बाजारात काय मंदी होती! मालक, कारागीर, हमाल, जो तो सकाळी उठून एकच वाट बघत होता, तेजी कधी येते!

“करा म्हणावं आता नावाचे तुकडे!” हेमराज मांडीवर थाप मारून ओरडला. “पोरगी शाळेतून घरी आली की सारी गल्ली म्हणेल, तेजी आली!”

शोभाबाईंनी कडाकडा बोटं मोडली. “माय वं! लक्ष्मीच्या पायांची आहे माझी नात!”

“थांब,” दगा बोरसे म्हणाले. आवाजात हसू होतं, पण शब्द ठाम होता. “पायगुणाची गोष्ट पुन्हा नको. काल म्हणत होते हिने प्लेग आणला. उद्या बाजार चढला तर म्हणाल हिने तेजी आणली. आणि परवा पडला तर? प्लेग घाणीतून आला, बाजार सौदागरांच्या हिशेबाने चढतो-उतरतो. पोर यातलं काहीच घेऊन आलेली नाही. ती फक्त आपल्या घरी आली आहे. नाव हौसेने ठेवा. ओझं म्हणून ठेवू नका.”

वर्षाने मनातल्या मनात सासऱ्यांना नमस्कार केला.

रविवारी गल्लीत मांडव पडला. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या. घुगऱ्यांचं पातेलं चुलीवरून उतरलं. गल्लीतल्या बायका नटूनथटून आल्या, अनुसयाबाई खास ड्यूटी बदलून आल्या. हेमराजचे गुजराती शेठही आले. हेमराज त्यांना हात धरून वडिलांपुढे घेऊन गेला आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “शेठ, आ मारा बापुजी. दगा बोरसे. यांच्या मायने, यांनी जगावं म्हणून हे नाव ठेवलं होतं.”

 शेठनी दोन्ही हात जोडले. “मारा दादानुं नाम कचराभाई हतुं,” ते म्हणाले. “एज कारण. त्यांच्या आईने पण, मूल जगावं म्हणून!” दोघे म्हातारे एकमेकांकडे बघून असे हसले, जणू एकाच गावचे निघाले.

रंजनाताईने बाळाला पाळण्यात घातलं, वाकून कानात नाव सांगितलं आणि कुर्र केलं. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. नाव जाहीर झालं, तेजस्विनी! लाडाचं तेजी!

तेव्हा शोभाबाई पाळण्याजवळ उभ्या राहिल्या. “बायांनो, ऐका! आजपर्यंत या पोरीला वाटेल ते म्हटलं. तुम्ही म्हटलं आणि मीही म्हटलं. मी तर आजी, माझी चूक मोठी. पण आज तिला तिचं नाव मिळालं. यापुढे जी कोणी ते दुसरं नाव घेईल, तिने माझ्या दारात येऊ नये!”

 सगळ्यांच्या नजरा शांताबाईंकडे गेल्या. त्या उठल्या. घुगऱ्यांचे चार दाणे हातात तसेच होते.

“आक्का, ते नाव मी ठेवलं,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यातून आले त्या दिवसापासून मला झोप नाही. प्लेगच्या वेळी आम्ही गावी गेलो ना, तर गावाने आम्हाला आत घेतलं नाही. शेतातल्या झोपडीत ठेवलं. माझा सख्खा दीर बांधावर भाकरी ठेवून जायचा, जवळ यायचा नाही. ‘सुरतवाली’ म्हणायचे मला, जसा काही माझा स्पर्श म्हणजे विष. मी रोज रडायचे. आणि इथे आले, तर तेच मी या लेकराला केलं! मला कळलंच नाही गं वर्षा!”

वर्षा पुढे झाली आणि तिने पोरीला पाळण्यातून उचलून शांताबाईंच्या हातात दिलं. “मावशी, तुम्ही हाक मारा तिला. तुमच्या तोंडून सगळी गल्ली शिकते.”

शांताबाईंनी बाळाला वर धरलं. त्यांचा आवाज खणखणीत निघाला. “तेजी! ए तेजी! तेजस्विनीबाई!”

आणि ती पोर खुदकन हसली! मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्षाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. सगळी गल्ली तिच्या लेकीच्या नावाने गर्जत होती!

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. सुरत शहराने कात टाकली, रस्ते झाडले गेले, गटारं झाकली गेली. बाजार कधी चढला, कधी उतरला; आणि दगा बोरसेंनी बजावलं होतं तसं, कोणी त्याचा संबंध पोरीशी जोडला नाही. १९९९च्या जूनमध्ये तेजस्विनी पालिकेच्या मराठी शाळेच्या बालवाडीत जाऊ लागली. पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तेजस्विनी हेमराज बोरसे. पण तुम्ही तेजी म्हटलं तरी चालेल.”

एके दिवशी शाळेतून येऊन तिने शोभाबाईंना विचारलं, “आजी, प्लेग म्हणजे काय गं? बाई म्हणत होत्या, सुरतेत पूर्वी प्लेग आला होता.”

भाजी निवडणाऱ्या शोभाबाईंचा हात थांबला. वर्षाने ओट्यापासून वळून पाहिलं. पाच वर्षांच्या त्या पोरीच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. त्या शब्दाशी आपलं कधी काही नातं होतं, याची तिला पुसटशीही कल्पना नव्हती. एवढ्या मोठ्या गल्लीतल्या एकाही माणसाने तिला ते कळू दिलं नव्हतं!

“एक आजार होता बाई,” शोभाबाई म्हणाल्या. “आला आणि गेला.”

“बरं,” म्हणून तेजी खेळायला पळाली, आणि वर्षाने अभिमानाने तिच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे पाहिलं.

बंधुभगिनींनो, आपल्याही गल्लीत, नात्यात, शाळेच्या वर्गात कोणी ‘काळी’ असते, कोणी ‘बुटकी’, कोणी ‘जाडी’, कोणी ‘तोतरी’. आपण हसत म्हणतो आणि विसरतो. ती विसरत नाही. आईबाप मुलीचं नाव निवडायला रात्रंदिवस डोकं खाजवतात आणि आपण एका चेष्टेत ते पुसून टाकतो. मुलीला नाव द्या, चांगलं द्या, वेळेवर द्या. आणि तिचं लाडाचं नावही तुम्हीच निवडा, ते रस्त्यावर सोडू नका. दुसऱ्याच्या मुलीला हाक मारताना तर एवढंच आठवा की तिच्या आईने ते नाव मोठ्या अभिमानाने ठेवलं आहे. ते पूर्ण घ्या, नीट घ्या. त्यात आपलं काही जात नाही, आणि तिची मान मात्र जन्मभर ताठ राहते!